भिववणाऱ्याने काय करायचं असतं?

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाची सगळी सामग्री मांडून ठेवली आहे. विकृत आवाज, भूतपिशाच्चांचं दर्शन, कोल्ह्याघुबडांचं ओरडणं, ओसाड घर, अरण्य हे विभाव, म्हणजे भीती उपजवणारी कारणं. हातपाय कापणं, डोळे भिरभिरणं, तोंडाचा रंग उडणं, आवाज फाटणं हे अनुभाव, म्हणजे भीतीच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा. ही यादी सावकाश वाचली की ध्यानात येतं, अभिनयाच्या सूचना सगळ्या घाबरणाऱ्यासाठी आहेत. ज्याला बघून घाबरायचं, तो बिचारा घुबडाच्या आणि ओसाड घराच्या रांगेत बसला आहे. त्याने उभं कसं राहायचं, बघायचं कसं, बोलायचं कसं, याबद्दल तिथे अवाक्षर नाही.

जुन्या भयपटांतल्या नटांची तुलना करताना नेमकी हीच अडचण येते. बोरिस कार्लोफ मोठा की बेला लुगोसी, हा वाद १९३१ पासून चालू आहे आणि बहुतेक वेळा तो ‘कोणाची जास्त भीती वाटते’ या एकाच प्रश्नावर येऊन थांबतो. हे माप मला पटत नाही. भीती प्रकाशयोजनेतून येते, संकलनातून येते, रंगभूषेतून येते. खालून दिवा लावला तर कोणाचाही चेहरा भेसूर दिसतो. मी दुसरंच बघतो. त्या भूमिकेने नटाकडून काय काढून घेतलं होतं? कोणाची भाषा, कोणाचा चेहरा, कोणाचं अख्खं शरीर. आणि जे हातात उरलं त्यातून त्याने भीती सोडून आणखी काय उभं केलं?

सुरुवात लॉन चेनीपासून करावी लागते. १८८३ चा जन्म, कोलोरॅडो स्प्रिंग्जचा. आई आणि वडील दोघंही बहिरे. म्हणजे घरातलं बोलणं हात, खांदे आणि भुवया यांतूनच चालायचं. मूकपटाने इतर नटांचा आवाज काढून घेतला, तेव्हा ते चाचपडले. चेनीला ती घरचीच भाषा होती. स्वतःची रंगभूषा तो स्वतः करायचा आणि त्यात इतका जाणकार होता की ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’साठी रंगभूषेवरची नोंद त्याने लिहिली. त्यामुळे लोक त्याला ‘हजार चेहऱ्यांचा माणूस’ म्हणून ओळखतात आणि तिथेच थांबतात. हा त्याच्यावर अन्याय आहे.

१९२५ च्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’मधला मुखवटा ओढला जातो तो प्रसंग घ्या. फँटम ऑर्गन वाजवत बसला आहे, ख्रिस्तीन ही गायिका त्याच्या मागे उभी आहे. ती मागून मुखवटा ओढते. चेहरा आधी आपल्याला दिसतो, तिला नंतर. नाकाचं टोक वर खेचलेलं, नाकपुड्या काळ्या रंगवून मोठ्या केलेल्या, दात पुढे आलेले. एवढ्यापर्यंत आहार्य, म्हणजे रंगभूषेचं काम. पण त्या पहिल्या क्षणी चेनीच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघा. तो चिडलेला नाही, दचकलेला आहे. अंगावरचं वस्त्र कोणीतरी ओढून घेतल्यावर माणूस दचकेल तसा. राग त्यानंतर येतो, आणि तो तिच्याकडे वळतो. त्या क्रमात सगळा अभिनय आहे. आधी राग आणि मग लाज असं केलं असतं तर तो फक्त राक्षस राहिला असता.

त्याचं सगळ्यात मोठं काम मात्र रंगभूषा जवळजवळ नसलेलं आहे. टॉड ब्राउनिंगचा १९२७ चा ‘द अननोन’. अलोन्झो हा सर्कशीतला सुरे फेकणारा. हात असूनही ते बांधून घेऊन तो बिनहातांचा असल्याचं सोंग करतो. पायाने सिगारेट ओढतो, पायाने सुरे फेकतो. यातल्या काही हालचाली पॉल डेस्मुक या खरोखर हात नसलेल्या कलावंताच्या पायांनी केल्या आहेत, आणि चेनीचं कसब असं की वरचं धड आणि खालचे पाय दोन माणसांचे आहेत हे कळत नाही. धडाने पायांची लय उचलली आहे. त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या नॅनॉनला पुरुषांच्या हातांची किळस येते म्हणून अलोन्झो तिच्यासाठी हात खरोखर कापून घेतो. परत येतो तर तिची ती भीती गेलेली असते, ती दुसऱ्याच्या मिठीत असते आणि आनंदाने ते ह्यालाच सांगते. चेनीला इथे एकाच प्रसंगात हसायचं आहे, ते हसू फाटू द्यायचं आहे, रडायचं आहे, आणि समोरच्यांना मात्र ते आनंदाचं हसू वाटलं पाहिजे. हात वापरता येत नाहीत, आवाज नाही. मान, तोंड आणि डोळे. नॅनॉन झालेली तरुण जोन क्रॉफर्ड समोर उभी आहे. मूकपटांचा अभिनय म्हणजे भडक हातवारे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा एक प्रसंग बघावा. १९३० च्या ऑगस्टमध्ये चेनी गेला. एकच बोलपट त्याच्या वाट्याला आला.

१९३१ मध्ये युनिव्हर्सल कंपनीने आधी ‘ड्रॅक्युला’ आणला आणि वर्षाच्या अखेरीला ‘फ्रँकेन्स्टाइन’. पहिल्याने लुगोसीला उभं केलं, दुसऱ्याने कार्लोफला.

लुगोसीबद्दल लोक म्हणतात, त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून तो ‘ड्रॅक्युला’त तसा बोलला. अर्धं खरं आहे. तो १८८२ मध्ये लुगोशला जन्मला, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत. हंगेरियन भाषेत प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर येतो. इंग्रजीत जोर वाक्याच्या अर्थाप्रमाणे फिरतो आणि मधले छोटे शब्द गिळले जातात. लुगोसी काहीच गिळत नाही. त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द सुटा, आपापल्या पायावर उभा असल्यासारखा ऐकू येतो. माणसं अशी बोलत नाहीत, आणि ही गोष्ट त्याने भूमिकेच्या कामाला लावली. ब्रॉडवेवर १९२७ पासून त्याने हेच नाटक अडीचशेहून अधिक प्रयोग केलं होतं. कुठे थांबलं की प्रेक्षागृह शांत होतं, हे प्रयोगागणिक तपासून घेतलेलं होतं. पाहुण्याला वाइन देताना तो म्हणतो की आपण कधीच पीत नाही, आणि मग थांबून शेवटचा शब्द टाकतो, ‘वाइन’. त्या थांब्यात पाहुण्याला काही कळत नाही, प्रेक्षकाला कळतं. मराठीत ‘मी वाइन कधीच पीत नाही’ म्हटलं की ही जागा नाहीशी होते, कारण क्रियापद शेवटी येऊन दार लावून घेतं. भाषांतरात हा प्रसंग का पडतो त्याचं कारण हे.

त्या चित्रपटात सुरुवातीच्या श्रेयनामावलीवर ‘स्वान लेक’चा तुकडा आहे आणि त्यानंतर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. म्हणजे लुगोसीच्या पॉजना आधार द्यायला मागे व्हायोलिन नाही. नुसती शांतता, आणि ती त्याला एकट्याने धरून ठेवायची. छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंडने त्याच्या डोळ्यांवर पेन्सिलीसारखे दोन बारीक झोत टाकले. झोत नेमके डोळ्यांवर पडायचे तर डोकं तसूभर हलवून चालत नाही, म्हणून ती निश्चलता. पण तांत्रिक गरजेतून आलेली निश्चलता त्याने हाताच्या बोटांपर्यंत नेली. आणि हा नट काय उभं करतो आहे? शृंगार. हात पुढे करून बोलावणं, वाकणं, केपचा घोळ. लोक त्याच्यापुढे भिऊन गोठत नाहीत, ओढले जाऊन गोठतात. या कामाचे सात आठवड्यांचे त्याला आठवड्याला ५०० डॉलर मिळाले. एकूण ३,५००.

कार्लोफकडे आलेला ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस आधी लुगोसीकडे चालून गेला होता. कार्लोफ तेव्हा ४३ वर्षांचा, वर्षानुवर्षं फुटकळ कामं करत आलेला. मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, आणि या घराण्याचा एक धागा आपल्या अहमदनगरपर्यंत येतो. सयामच्या राजवाड्यात शिकवायला गेलेली ॲना लिओनोवेन्स १८३१ मध्ये नगरला जन्मली. तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी ही कार्लोफची आई. कार्लोफचे वडीलही हिंदुस्थानातल्या मिठाच्या महसूल खात्यात होते.

राक्षसाची रंगभूषा जॅक पियर्सची. शल्यचिकित्सक कवटी उघडेल तर डबीच्या झाकणासारखी कापेल, असा विचार करून त्याने माथा सपाट केला. कापूस आणि कोलोडियन या चिकट द्रावाचे थर, वर करड्या-हिरव्या छटेचा रंग, जो कृष्णधवल फिल्मवर प्रेताच्या कातडीसारखा फिकट उतरतो. रोजचे सुमारे चार तास. आता यात कार्लोफने स्वतः घातलेली भर बघा. त्याच्या तोंडात एका बाजूला दातांचं ब्रिज होतं, ते त्याने काढून टाकलं. गाल आत गेला आणि चेहरा एका बाजूने बसका झाला. दुसरं, आरशात बघितल्यावर त्याला आपले डोळे फार जागे, फार समजदार वाटले. म्हणून पापण्यांवर मेणाचा थर देऊन त्या जड केल्या. नट स्वतःच्या हाताने स्वतःचं सगळ्यात मोठं हत्यार बोथट करून घेतो आहे. मेंदू नुकताच जागा झालेल्या प्राण्याचे डोळे कसे असतील, एवढाच विचार त्यामागे आहे. बाह्या आखूड ठेवल्यामुळे मनगटं बाहेर येतात आणि हात लांब वाटतात, आणि मग हे हात तो वापरतो.

पहिली एंट्री पाठमोरी आहे. राक्षस दारातून उलटा आत येतो, वळतो, आणि कॅमेरा तुकड्यातुकड्याने त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. हे श्रेय दिग्दर्शक जेम्स व्हेलचं. कार्लोफचा प्रसंग त्याच्या लगेच पुढचा. राक्षसाला घडवणारा शास्त्रज्ञ फ्रँकेन्स्टाइन छताची झडप उघडतो. वरून उजेड पडतो. राक्षसाने उजेड कधी पाहिलेला नाही. तो उठतो, तोंड वर करतो, आणि दोन्ही हात उचलतो, उजेड धरता येईल अशा बेताने. झडप बंद होते. हात वरच राहतात. मग ते हळूहळू खाली येतात आणि निर्मात्यापुढे पसरले जातात, तळवे वर. मागणारे हात. एक शब्द नाही, भुवयांवर कापसाचा थर असल्याने कपाळ हलत नाही, पापण्या जड. तरी हे मूल आहे आणि याचं काहीतरी काढून घेतलं गेलं, हे लख्ख कळतं. पुढे सगळा चित्रपट भयाचा असला तरी त्याच्या तळाशी करुण वाहत राहतो तो या तळव्यांमुळे. प्रदर्शित झाला तेव्हा सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे फक्त प्रश्नचिन्ह होतं.

१९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस बोलतो. कार्लोफचा याला विरोध होता. आंधळ्या विरक्ताच्या झोपडीतला प्रसंग इतका सुंदर आहे की तो चुकला होता असं म्हणावंसं वाटतं. पण त्याचं म्हणणं निव्वळ हट्ट नव्हतं. बोलायचं तर दातांचं ब्रिज तोंडात ठेवावं लागलं, आणि गाल भरला. दोन्ही चित्रपटांतली छायाचित्रं शेजारी ठेवली की फरक उघड दिसतो. शब्द मिळाले आणि चेहऱ्याची ती उपासमार गेली.

आणखी एक गैरसमज इथेच मोडायला हवा. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस म्हटलं की पोरंसोरंसुद्धा दोन हात सरळ पुढे धरून ताठ चालून दाखवतात. कार्लोफ तसा चालत नाही. त्याचे हात खाली लोंबतात, पुढे येतात ते काही हवं असेल तेव्हा. ती चाल १९४३ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’मधल्या लुगोसीची. आधीच्या कथेप्रमाणे राक्षसाच्या डोक्यात इगोर या त्याच्या साथीदाराचा मेंदू बसवला होता आणि तो आंधळा झाला होता. लुगोसी त्याप्रमाणे आंधळा राक्षस करत होता, हात पुढे करून चाचपडत होता. चित्रीकरणानंतर त्याचे संवाद कापले गेले, आणि त्यांच्याबरोबर आंधळेपणाचा उल्लेखही गेला. पडद्यावर उरला एक ताठ, बावळट वाटणारा राक्षस. लोक हसले, आणि नकला मात्र त्याच चालीच्या झाल्या. नटाने अचूक काम करावं, आणि ते का केलं याचं कारणच संकलकाने कापून टाकावं, याहून मोठं नुकसान कोणतं.

लुगोसीला एकसुरी म्हणणाऱ्यांना मी १९३९ चा ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ बघायला सांगेन. इगोर. फाशी दिली तरी जगलेला, मोडलेल्या मानेचं हाड बाहेर आलेलं. केप नाही, झोत नाहीत, रुबाब नाही. दाढी, वाकडी मान, घोगरा आवाज. ज्यांनी त्याला फाशी दिली त्यांच्यापुढे तो उभा असतो, एकाच्या तोंडावर खोकतो आणि घशात हाड अडकलं म्हणून माफी मागतो. ते हाड कोणामुळे अडकलं हे सगळ्यांना ठाऊक. लुगोसी हे असं निरागसपणे म्हणतो की समोरच्याला रागावायला जागा उरत नाही. ‘ड्रॅक्युला’मध्ये त्याची वाक्यं सुटी सुटी होती. इथे तीच भाषा तो ठेचकाळत, चिवटपणे ओढत नेतो. त्याच चित्रपटात कार्लोफ राक्षस आहे, आणि त्याच्या वाट्याला इकडून तिकडे जाण्यापलीकडे फारसं काही नाही. समोरासमोर तुलना करायची तर या एका चित्रपटात लुगोसीने कार्लोफला मागे टाकलं आहे, असं माझं स्वच्छ मत आहे. एकूण कामगिरीत मात्र कार्लोफचा पल्ला मोठा.

क्लॉड रेन्सकडून भूमिकेने शरीरच काढून घेतलं. १९३३ चा ‘द इनव्हिजिबल मॅन’. चेहरा दिसतो तो शेवटच्या चौकटीत, मरताना. अदृश्यतेच्या दृश्यांत जॉन फुल्टनच्या चमूने काळ्या मखमलीच्या पार्श्वभूमीपुढे, अंग काळ्या मखमलीत गुंडाळून कपडे हलवले. रेन्सकडे राहिला आवाज. तो रंगभूमीवरचा मुरलेला नट, लंडनच्या नाट्यशाळेत शिकवलेला, जॉन गिलगुडसारखा विद्यार्थी त्याच्या हाताखालून गेलेला. त्याने वेडाची चढण आवाजाच्या वेगावर बांधली. सुरुवातीला चिडका, दमलेला शास्त्रज्ञ, खोली हवी आहे, एकांत हवा आहे. मग वाक्यं लांबत जातात, श्वास घ्यायच्या जागा कमी होतात, हसू शब्दांच्या मध्ये यायचं ते शब्दांच्या आत येतं. वाचिक, म्हणजे आवाजाचा, अभिनय शिकणाऱ्याने डोळे मिटून हा चित्रपट ऐकावा.

पीटर लोरेचा ‘एम’ही १९३१ चाच, आणि त्यातलं शेवटचं स्वगत भयपटाच्या चौकटीबाहेरचं आहे. एवढंच सांगतो की त्यातली ती प्रसिद्ध शीळ लोरेची नाही, दिग्दर्शक फ्रिट्झ लांगची आहे. लॉन चेनीच्या मुलाने १९४१ मध्ये ‘द वुल्फ मॅन’ केला. लांडग्यापेक्षा त्याचा माणूस चांगला आहे.

ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९५७–५८ मध्ये फ्रँकेन्स्टाइन आणि ड्रॅक्युला या दोन्ही गोष्टी रंगीत केल्या, आणि पीटर कुशिंग व ख्रिस्तोफर ली ही जोडी पुढे आली. लीची उंची साडेसहा फुटांच्या जवळपास. त्याचा ड्रॅक्युला जिन्यावर काळ्या आकृतीसारखा दिसतो आणि मग खाली येऊन झपझप, सभ्य यजमानासारखा बोलतो. उच्चारात परकेपणा नाही, पॉज नाहीत. लुगोसीने जे जे केलं ते सगळं टाळलेलं. एवढं झालं की त्याचे संवाद संपतात. उरलेल्या चित्रपटभर तो बोलत नाही. डोळ्यांत घातलेल्या लाल भिंगांमुळे त्याला धड दिसतही नव्हतं. लीने हे नुकसान वेगात फिरवलं. झेप, पकड, जिन्यावरची धाव, प्राण्यासारखी. १९५९ च्या ‘द ममी’त तर तोंडच बंद, जीभ कापलेली, सगळं अंग पट्ट्यांत. नायिका केस मोकळे सोडते आणि चालून आलेली ममी जागच्या जागी थांबते. दोन डोळ्यांतून चार हजार वर्षांची ओळख. ली उंचीवर मोठा झाला असं म्हणणाऱ्यांनी तेवढे डोळे बघावेत.

आणि कुशिंग. मला विचाराल तर या सगळ्या मंडळींत भयानक रसाची शास्त्रोक्त बाजू कळलेला नट हाच. कारण तो राक्षसासमोर उभा राहतो. ली किती भयंकर आहे हे आपल्याला कुशिंगच्या चेहऱ्यावर कळतं. वस्तू हाताळण्यात त्याचा हात कोणी धरू शकलं नाही. हातमोजे, सुया, पिशवी, शिसपेन्सिल, काहीतरी सतत हातात, आणि कधीही उगाच नाही. ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये प्रेताशी काम करताना हाताला रक्त लागतं आणि तो बोलता बोलता ते कोटाच्या कॉलरला पुसतो. खाली बघत नाही. मासळी कापणारी बाई पदराला हात पुसते तितक्या सहज. हा माणूस कुठवर गेला आहे ते सांगायला दुसरं एकही वाक्य लागत नाही. ‘ड्रॅक्युला’च्या शेवटी टेबलावरून धावत जाऊन पडदे खाली ओढणं आणि दोन मेणबत्तीदानांचा क्रूस करणं, ही सूचना त्याचीच. त्याच चित्रपटात रात्री दफनभूमीत घाबरलेल्या लहान मुलीला तो आपला कोट गुंडाळतो, ते इतक्या मायेने की पुढे हाच माणूस छातीत खुंटा ठोकणार आहे याचा विसर पडतो.

व्हिन्सेंट प्राइसकडे सगळंच भरपूर होतं. उंची, आवाज, विनोद, शब्दांवरची हुकमत. भूमिकेने त्याच्याकडून काही काढून घेतलं नाही, आणि हाच त्याचा तोटा झाला. कितीतरी चित्रपटांत तो भूमिकेच्या शेजारी उभा राहून तिची मजा लुटतो. १९६८ च्या ‘विचफाइंडर जनरल’मध्ये मात्र मायकेल रीव्हज या पंचविशीही न गाठलेल्या दिग्दर्शकाने त्याचे हातवारे आणि चढउतार एकेक करून काढायला लावले. सेटवर दोघांचं अजिबात जमलं नाही. पडद्यावर उतरला एक थंड, सपाट आवाजाचा, देवाच्या नावाने माणसं जाळणारा सरकारी माणूस. प्राइसने पुढे रीव्हजचं बरोबर होतं हे मोकळेपणाने मान्य केलं.

कार्लोफ आणि लुगोसी एकूण आठ चित्रपटांत एकत्र होते. शेवटचा १९४५ चा, रॉबर्ट वाइजचा ‘द बॉडी स्नॅचर’. एडिंबरा, १८३१. कार्लोफ हा ग्रे नावाचा गाडीवान, वैद्यकीय शाळेला प्रेतं पुरवणारा. कसलीही रंगभूषा नाही. पांगळ्या मुलीला घोड्याची ओळख करून देणारा प्रेमळ म्हातारा आणि डॉक्टरच्या मानेवर बसलेला छळवादी, दोन्ही एकाच हसऱ्या आवाजात. लुगोसीच्या वाट्याला जोसेफ हा नोकर, चार-दोन प्रसंगांचा. तो ग्रेकडे गुपित ठेवण्याचे पैसे मागायला येतो. ग्रे त्याला ब्रँडी पाजतो आणि बर्क व हेअर या खुनी जोडीवरचं गाणं म्हणून दाखवतो. जोसेफ लिस्बनचा, परका. त्याला गाणं कळत नाही. चौदा वर्षांपूर्वी ज्या परक्या उच्चारांनी लुगोसीने अख्खं प्रेक्षागृह बांधून ठेवलं होतं, त्याच उच्चारांत तो आता विचारतो की ते दोघं खून कसे करायचे, साधं करून सांग. कार्लोफ म्हणतो, दाखवतोच. आणि पंजा त्याच्या नाकातोंडावर ठेवतो.